ब्लँकेट नेण्याआधी: मुंबईतल्या बेघर माणसांसोबत काम सुरू करताना

दर हिवाळ्यात कुणाचा तरी फोन येतो. ‘आमच्या ऑफिसातर्फे दोनशे ब्लँकेटं वाटायचीत, कुठे येऊ?’ मी विचारतो, ‘जूनमध्ये येता का? ताडपत्री घेऊन?’ पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही.

मुंबईची थंडी ती किती! फूटपाथवर झोपणाऱ्याचा खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर अंथरूण ओलं, चूल ओली, कपडे ओले, पायाच्या बोटांत चिखल्या. पण वाटपाची हौस नेमकी डिसेंबरात येते. एकाच माणसापाशी तीन ब्लँकेटं जमतात. एक तो अंथरतो, एक पांघरतो आणि तिसरं विकतो. विकू दे, त्याचा राग नको. आपण मात्र ते वाटून त्याच्याशी एक वाक्यही न बोलता निघून आलेलो असतो.

हा लेख आठवड्यातली एक रात्र नेमाने देऊ शकणाऱ्यांसाठी आहे. पैसा, संस्था, गाडी यातलं काही नसलं तरी चालेल. मी मुंबईतलं लिहितोय. पुणे, नाशिक, नागपुरात कचेऱ्यांची नावं बदलतील, बाकी बरंचसं तसंच लागू पडेल.

पहिले तीन शनिवार: हात रिकामे

रात्री साडेदहानंतर बाहेर पडा. एकच पट्टा निवडा, चालत तासाभरात संपेल एवढा. भायखळा स्टेशन ते नागपाडा, दादरच्या फुलबाजाराचा परिसर, परळला केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या आसपासचे रस्ते. काही वाटायला नेऊ नका. खिशात वही-पेन पुरे. नुसतं बघा. कोण एकटं झोपतं, कुठे कुटुंबं आहेत, बायका कुठल्या दिव्याखाली झोपतात, गाठोडी कुठे टांगलीत, पाणी कुठून येतं, जवळचा सुलभ शौचालयवाला रात्री दार उघडतो का.

मग एकदा पहाटे पाचला तोच रस्ता बघा. डोक्यातलं ‘बेघर म्हणजे भिकारी’ हे समीकरण तिथे गळून पडतं. यातले बहुतेक कामाला निघालेले असतात. कुणी नाक्यावर बिगारीकामासाठी उभा राहतो, कुणी लग्नाच्या हॉलमध्ये केटरिंगची भांडी घासतो, कुणी भंगार वेचतो, कुणी हमाली करतो, कुणी बाजारात फुलं निवडतो. कामापासून लांब राहणं त्यांना परवडत नाही, म्हणून ते फूटपाथवर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात हेच ओळखलं होतं. मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवण्याचा निर्णय १९८१च्या ऐन पावसाळ्यात झाला होता, त्यावरचा तो खटला. पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं तेव्हाचे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटलं. पण त्याच निकालाने नोटीस देऊन हटवायला परवानगीही दिली. नवे कार्यकर्ते पहिलं वाक्य पाठ करतात आणि दुसरं विसरतात. मग पाडापाडीच्या दिवशी तोंडघशी पडतात.

झोपडपट्टी आणि फूटपाथ यांतही गल्लत करू नका. झोपडीला चार पत्रे असतात, बहुधा विजेचं बिल असतं, कुठल्या तरी सर्वेक्षणाचा नंबर असतो. फूटपाथवरच्या माणसाकडे यातलं काहीच नसतं, त्यामुळे तो कुठल्याच यादीत येत नाही. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली. महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार माणसं निघाली. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. केटरिंगवाला त्या रात्री हॉलच्या मागे पातेली घासत असणार. त्याला कोण मोजणार?

बोलायचं कसं

झोपलेल्याला उठवू नका. जागा असेल तरच बोला आणि उभ्याने बोलू नका. शेजारी बसा. उभा माणूस फूटपाथवर एक तर पोलीस असतो, नाही तर महापालिकेचा. वयाप्रमाणे काका, मावशी, दादा, ताई म्हणा आणि अरे-तुरे अजिबात नको. अर्ध्याहून जास्त लोकांशी हिंदीतच बोलावं लागेल, तिथेही ‘आप’ म्हणा. ‘तुम्ही इथे कसे आलात?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारू नका. त्या उत्तरात कुणाचा मृत्यू असतो, कुणाची दारू असते, कुणाचा सावत्र बाप असतो. ते अनोळखी माणसासमोर काढायचं नसतं. ‘जेवण झालं का?’, ‘आज काम लागलं का?’ एवढ्यावर दोन-तीन शनिवार निघतात.

फोटो काढू नका. ‘चेहरा दिसणार नाही असा’ फोटोही नको. घरातून पळालेली बाई, कर्ज बुडवून आलेला माणूस, आई-बापाला ‘मुंबईत कंपनीत आहे’ म्हणून सांगणारा मुलगा, यातलं कोण कोण तुमच्या फोटोत आलंय हे तुम्हाला कळणारही नाही.

पहिल्या भेटीत तुमच्यावर संशय घेतला जाईल. महाराष्ट्रात १९५९चा भीक प्रतिबंध कायदा आहे. भीक मागताना दिसल्यावर उचलून भिक्षेकरी गृहात नेता येतं आणि नुसता अंगावरचा कपडा मळका म्हणून उचलले गेलेले मजूरही भेटतात. वही घेऊन फिरणारा माणूस त्या उचलणाऱ्या गाडीचाच खबऱ्या असेल असं त्यांना वाटलं तर त्यात वावगं काय? चौथ्या-पाचव्या शनिवारी तोच चेहरा त्याच वेळी पुन्हा दिसला की संशय हळूहळू निवळतो. एखाद्या वेळी जमणार नसेल तर आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा. न सांगता बुडवलेला एक शनिवार भरून काढायला दोन महिने लागतात.

गट चार-पाच जणांचा असू द्या आणि त्यात निदान एक बाई हवीच, नाहीतर फूटपाथवरच्या बायका तुमच्याशी बोलणार नाहीत. हद्दीतल्या पोलीस चौकीत एकदा जाऊन आपण कोण ते सांगून या. परवानगी मागायची गरज नाही, फक्त ओळख द्यायची.

त्याच रात्री करायच्या गोष्टी

काही वेळा ओळख वाढेपर्यंत थांबता येत नाही. बेशुद्ध, जखमी, तापाने फणफणलेलं कुणी दिसलं तर १०८. एकटं मूल असेल तर १०९८. टाकून दिलेले म्हातारे आई-वडील असतील तर ज्येष्ठांसाठीची १४५६७. बाईला मारहाण किंवा धोका असेल तर १८१. हे चार नंबर फोनमध्ये आणि वहीच्या पुठ्ठ्यावरही लिहून ठेवा. फोन लावून तिथून निघून जायचं नाही. रुग्णवाहिकेतला माणूस विचारतो, ‘सोबत कोण?’ तेव्हा कुणीतरी ‘मी’ म्हणावं लागतं.

मनाचा आजार असलेला माणूस दिसला, अंगावर चिंध्या, स्वतःशी बोलणारा, तर त्याला दोन वडापाव देऊन पुढे जाऊ नका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं आणि घरच्यांचा शोध लागावा म्हणून हरवल्याची नोंद करणं हे पोलिसांचं काम आहे. ठाण्यात हे कलम सांगावं लागतं, कधी छापील प्रत दाखवावी लागते. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन याच कामासाठी ओळखली जाते. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरून आणलेल्या हजारो मनोरुग्णांना उपचार करून त्यांच्या गावी पोहोचवलं आणि २०१८ साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या अनुभवातून शिकण्याची गोष्ट म्हणजे औषध सुरू झाल्यावर माणसाला गावाचं नाव आठवतं. आधी नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. औषध मोफत आहे आणि उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात. खातं आहे का, हा प्रश्न लगेच पुढे येतो आणि इथूनच खरं काम सुरू होतं.

कागद

मला विचाराल तर बेघर माणसाचं पहिलं दुखणं छप्पर नसण्याचं नाही, पत्ता नसण्याचं आहे. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून मजुरी मुकादमाच्या खिशात, रेशन नाही, रुग्णालयात योजना लागत नाही. बरं, कागद कधीच नव्हते असंही नाही. बऱ्याच जणांकडे होते. अतिक्रमणाची गाडी येते, गाठोडी भरून नेते, त्यात स्टोव्ह, कपडे आणि पिशवीतलं आधार कार्ड सगळंच जातं. काही पावसात भिजून लगदा होतात. काही झोपेत चोरीला जातात, कारण चोराला पिशवीत पैसे असतील असं वाटतं.

म्हणून आधी विचारा, ‘पूर्वी कधी आधार काढलं होतं का?’ काढलं असेल तर नवीन काढायला जाऊ नका, नोंदणी फेटाळली जाईल आणि आणखी घोळ होईल. आधार सेवा केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुनं शोधता येतं. बिगारी आणि भांडी घासणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. तेव्हा डोळ्यांवरून बघायला सांगा. केंद्रातला मुलगा कंटाळलेला असतो, त्याच्याशी भांडू नका, पुन्हा त्याच्याकडेच जायचंय.

मुळात काढलंच नसेल तर दोन वाटा आहेत. माणूस मान्यताप्राप्त निवारा केंद्रात राहत असेल तर केंद्रप्रमुखाचं प्रमाणपत्र चालतं. नसेल तर आमदार, खासदार किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यातलं पत्र. नमुना तुम्ही छापून न्या, फोटो चिकटवून न्या आणि सही फोटोवर अर्धी येईल अशी घ्या. पत्र तीन महिनेच चालतं. सही मिळाल्यावर ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हटलंत की तो माणूस केटरिंगवाल्यांबरोबर नाशिकला गेलेला असतो.

मतदार ओळखपत्राची वाट मला सगळ्यांत आवडते. नमुना ६ भरायचा, पत्त्याच्या जागी झोपतो ती जागा लिहायची: अमुक पुलाखाली, तमुक दुकानासमोर. बेघर माणसाकडे राहण्याचा पुरावा मागायचा नाही, असा निवडणूक आयोगाचाच नियम आहे. त्याऐवजी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री त्या जागी येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते एकाहून जास्त रात्री बघतो. हे बीएलओ बहुतेक शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. दिवसाचं काम संपवून ते रात्री पुन्हा फूटपाथवर कसे येणार? म्हणून तुम्ही त्यांना स्टेशनवर घ्यायला जा, जागा दाखवा, चहा पाजा. आमच्या गटात हे काम एका निवृत्त पोस्टमनकाकांनी स्वतःहून घेतलं. ‘आयुष्यभर पत्ता शोधत हिंडलो, आता पत्ता नसलेल्याकडे माणूस पोहोचवतो,’ असं ते म्हणायचे.

आधार झालं की जनधन खातं आणि शिधावाटप कार्यालय. रेशनकार्डाला सगळ्यांत जास्त फेऱ्या लागतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच असेल तर पुढच्या फेरीत ‘अर्जच आला नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही. निराधार, विधवा, अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. त्यात महिना १,५०० रुपये मिळतात, अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००, पण महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पुन्हा पत्ताच!

एक चूक माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी एका काकांचं मूळ रेशनकार्ड मी ‘सुरक्षित राहील’ म्हणून घरी आणलं. पुढच्या शनिवारी मला ताप आला आणि त्याच आठवड्यात त्यांना ते रुग्णालयात दाखवायला हवं होतं. मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवू नका. झेरॉक्सचा एक संच माणसाची परवानगी घेऊन गटाच्या फायलीत ठेवा आणि मूळ कागदांसाठी जाड प्लॅस्टिकचा झिपवाला पाऊच गळ्यात घालायला द्या. २०-३० रुपयांची ही वस्तू दोनशे ब्लँकेटांपेक्षा जास्त कामाला येते.

निवारा केंद्र

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियम घातला गेला तो असा: दर एक लाख लोकसंख्येमागे निदान शंभर माणसांसाठी बारमाही, २४ तास उघडा निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यांना निवाऱ्यांबद्दल आदेश दिले, ते दिल्लीत ऐन थंडीत एक रात्रनिवारा पाडला गेल्यानंतर. पुढे २०१६ मध्ये राज्यांनी काय केलं ते तपासायला न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली. आपल्या वॉर्डाची लोकसंख्या घ्या, एक लाखाने भागा आणि प्रत्यक्षात किती निवारे आहेत ते माहितीच्या अधिकारात विचारा. हा अर्ज नवख्यालाही जमतो.

पण केंद्र असलं की लोक जातील असं समजू नका. नवरा-बायकोला वेगळं राहावं लागतं. फुलबाजाराचं काम पहाटे तीनला सुरू होतं आणि निवाऱ्याचं दार बंद असतं. नाक्यापासून तीन किलोमीटर दूर असेल तर सकाळचं काम जातं. कुणी प्यायलेला असतो, कुणाजवळ पाळलेलं कुत्रं असतं. म्हणून कुणाला पाठवण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन या. संडास किती, बायकांचा मजला वेगळा आहे का, सामान ठेवायला कडी-कुलुपाची पेटी मिळते का आणि आजारी माणूस दिवसाही पडून राहू शकतो का, एवढं बघा. पेटी मिळत असेल तर कागदांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

घरापर्यंत

फूटपाथवरून घरात जाण्याची मुंबईतली सगळ्यांत मोठी गोष्ट भायखळ्यात घडली आणि ती बायकांनी घडवली. १९८४ मध्ये स्पार्क ही संस्था सुरू झाली. १९८५ मध्ये त्यांनी फूटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली, ज्यांची पाहणी करायची त्यांनाच सोबत घेऊन. त्यातून महिला मिलन ही फूटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली. बायका रोज एक-दोन रुपये जमवायच्या. शिकलेली एखादीच, म्हणून हिशेब रंगीत कागदांवर ठेवला जायचा, कुठल्या रंगाची किती रक्कम ते ठरलेलं. जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ सोबत होता. रेशनकार्ड कसं मागायचं, पोलीस ठाण्यात कसं बोलायचं हे त्या एकमेकींना शिकवत गेल्या आणि त्यांतली बरीच कुटुंबं वर्षानुवर्षांनी मानखुर्दला मिलन नगरात पक्क्या घरात गेली.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. पण बचत सुरू करता येते. ओळख वर्षभराची झाल्यावर तीन-चार नाका कामगार मिळून एक खोली भाड्याने घेऊ शकतात. अडतं ते डिपॉझिटला. आमच्याकडे यासाठी भिशी चालते, पण तिचा खजिनदार फूटपाथवरचाच असतो, आमच्यातला नाही. आमच्यातला असता तर ती भिशी राहिली नसती, देणगी झाली असती.

तुमच्या स्वतःच्या जिन्यावर

रस्त्यावर आलेल्याला परत नेणं वर्षांचं काम आहे, रस्त्यावर येण्याआधी अडवणं कधी कधी एका फोनचं. तुमच्या चाळीत, सोसायटीत बघा. म्हाताऱ्या आईच्या नावावरची खोली मुलाने लिहून घेतली आणि आता तिला जेवायला देत नाही, अशी गोष्ट दर दुसऱ्या इमारतीत असते. २००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रांताधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र सांभाळलं नाही तर रद्द होऊ शकतं. अर्ज लिहून द्यायला शेजारी पुरतो.

भाडेकरूला मालक रातोरात सामानासकट बाहेर काढत असेल तर भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आठवा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली तरी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावं लागतं आणि करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे.

टाटात उपचाराला आलेली बाहेरगावची कुटुंबं पैसे संपले की फूटपाथवर उतरतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशांसाठी आहे, नंबर लागेपर्यंत कुठे राहायचं हा प्रश्न उरतोच. ज्यांच्या घरी एक खोली रिकामी आहे त्यांनी या वाक्यावर थोडं थांबावं. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी यांच्यासोबत ‘बेघरांना आसरा’ही आहे. अन्नदानाला रांगा लागतात, या ओळीशी मात्र आपण फारसं रेंगाळत नाही.

चौथ्या शनिवारपासूनची पिशवी

वही, दोन पेनं, शाईचा पॅड, नमुना ६ च्या चार कोऱ्या प्रती, पाऊच दहा-बारा, टॉर्च. पाण्याची बाटली स्वतःसाठी. स्टेशनजवळचा कुठला झेरॉक्सवाला रात्री दहापर्यंत उघडा असतो ते आधी बघून ठेवा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताडपत्रीचे पैसे गोळा करायला लागा, कारण पहिला पाऊस पडला की त्याच ताडपत्रीचा भाव वाढतो. आणि तुमचा फोन नंबर कागदावर लिहून देताना मोठ्या अक्षरात लिहा. तो वाचणारा बहुधा दुसराच कुणीतरी असतो, रुग्णालयातला वॉर्डबॉय नाहीतर चौकीतला हवालदार, आणि त्याला घाई असते.